वाघजाईची मागची भिंत

आमच्या वाडीच्या वाघजाईचं देऊळ चार महिन्यांपूर्वी मी उतरवलं. रस्ता रुंद होणार होता आणि देऊळ त्याच्या हद्दीत येत होतं. उतरवलं म्हणजे पाडलं नाही. दोनशे बारा काळे दगड, चुना नाही, सिमेंट नाही, नुसते एकमेकांच्या भारावर बसलेले. प्रत्येक दगड काढण्याआधी मी त्याच्यावर पांढऱ्या रंगाने आकडा घातला, तो भिंतीत कुठे होता ते वहीत लिहिलं, आणि मग पहारीने सोडवून शेजारी सीतारामच्या पडीक वावरात ओळीने मांडायला लावला. आमच्यात देवाच्या दगडाचं तोंड उघड्यावर ठेवत नाहीत. म्हणून आकड्याची बाजू खाली, मातीकडे.

वही माझ्या हाताची आहे. मी अक्षर शिकलो ते पन्नाशी उलटल्यावर, शाळेतल्या प्रौढांच्या वर्गात. मला लिहायला वेळ लागतो. पण जे लिहितो ते डोळ्यांनी पाहून लिहितो. देऊळ उतरवताना कैलास म्हणालाच होता, "आबा, कुणातरी शिकलेल्याला लिवू द्या." कैलास ग्रामपंचायतीत आहे आणि रस्त्याच्या कामावर त्याचे दोन ट्रॅक्टर चालतात. मी वही दिली नाही. चाळीस वर्षं मी दगड घडवले, भिंती रचल्या. भिंत वाचता येणारा माणूस त्या दिवशी तिथे मी एकटाच होतो.

आता माझ्या बोटांत हातोडा राहत नाही. वाडीच्या वरच्या अंगाला नव्या जागी देऊळ पुन्हा रचायला वडगावचा नसीर तयार झाला. त्याचा बाप याह्या माझ्याबरोबर कामाला होता, त्यामुळे सिमेंटशिवाय भिंत कशी उभी राहते हे नसीरला घरातूनच ठाऊक. पण त्याने वही चाळली आणि परत दिली. "आबा, नुसत्या आकड्यांवरनं मला न्हाई कळायचं. कुटला दगड कुणाच्या शेजारी, त्याचं चित्र द्या. चित्र असंल तर म्या महिन्यात उबं करतो."

कैलासने तेवढंच धरलं. त्याच्या मोबाइलमध्ये कुठल्याशा गावच्या नव्या देवळाचा फोटो होता, सिमेंटचं, गुलाबी टाइल लावलेलं. तो फोटो सगळ्या वाडीला दाखवून झाला होता आणि बऱ्याच जणांना तो आवडलाही होता. सोमवारी ग्रामसभा. तोवर चित्र आलं नाही तर मंगळवारी ट्रॅक्टर लागणार, वाघजाईचे दगड रस्त्याच्या कडेच्या भरावाला जाणार आणि देवीला गुलाबी टाइल लागणार.

चित्र काढायचं काम माझ्या नातीने, हर्षदाने, अंगावर घेतलं होतं. ती हिंजवडीला नोकरी करते. तिच्या कंपनीत यंत्रांचे भाग संगणकाच्या पडद्यावर उभे करतात, सगळ्या बाजूंनी फिरवून बघता येतात असे. ती म्हणाली होती, "आबा, तसंच देऊळ उभं करू. दगड न् दगड. नसीरकाकांना हवा तो दगड उचलून खालचा बघता येईल." तीन शनिवार बसून तिने माझी वही संगणकात भरली. शेवटी दोन दिवसांची रजा काढून गुरुवारी घरी आली आणि शुक्रवारी सकाळी तिने मला ओसरीवर बोलावलं. "बसा समोर. आता बटण दाबते."

तिने बटण दाबलं आणि दगड उडाले. दुसरा शब्द मला सुचत नाही. पाच-पंचवीस दगड देवळाच्या जागी होते, बाकीचे दाही दिशांना. एक गाभाऱ्याच्या वर अधांतरी, दहा-बारा जमिनीच्या खाली, काही इतके लांब की ठिपक्याएवढे दिसत होते.

"हे काय देऊळ आहे?" मी म्हणालो.

"थांबा हो आबा. लायब्ररी बदललीय ना, तिची खोड असणार."

लायब्ररी म्हणजे काय ते तिने मला आधी एकदा सांगितलं होतं. दगड कुठे न्यायचा, किती फिरवायचा, याचं गणित फार किचकट. ते प्रत्येकाने नव्याने करू नये म्हणून कुणीतरी हुशार माणसं एकदाच लिहून ठेवतात, त्या गठ्ठ्याला लायब्ररी म्हणतात. आपण आपला दगड तिच्या हवाली करायचा. कोपऱ्यापासून दगड किती लांब, किती आत, किती वर, या तीन आकड्यांचा झाला एक व्हेक्टर. तो कसा फिरवायचा आणि कुठे सरकवायचा ते चार ओळी चार रकान्यांच्या आकड्यांच्या चौकटीत मांडायचं, ती मॅट्रिक्स. दोघांचा गुणाकार केला की दगड जागेवर. एवढं मला समजलं होतं. समजलं नव्हतं ते हे, की कंपनीतली लायब्ररी घरच्या कामाला वापरता येत नाही, म्हणून हिने दुसरी फुकटातली घेतली, आणि दोघींच्या रीती उलट्या. एकीत वर म्हणजे दुसरा आकडा, दुसरीत वर म्हणजे तिसरा. एकीत जे आधी लिहाल ते आधी घडतं, दुसरीत जे शेवटी लिहाल ते आधी घडतं.

"म्हणजे घरी येताना चप्पल आधी काढायची का पाय आधी धुवायचे, हे पण ज्याचं त्यानं ठरवायचं?"

"तसंच काहीसं."

"आणि ही शिकलेली माणसं."

 दुपारपर्यंत ती पडद्याला नाक लावून बसली. मध्ये मी एकदा वाकून पाहिलं. एक दगड ती पुन्हा पुन्हा हलवून बघत होती. दगड आधी भिंतीवर जायचा आणि मग देवळाचा कोपरा खुंटीसारखा धरून गरकन फिरायचा, की गेला पलीकडे.

"पोरी, दगड जमिनीवर फिरवायचा आसतो," मी म्हणालो. "तोंड कुटं, बूड कुटं, सगळं खाली. मग उचलायचा. वर नेऊन कुणी फिरवत न्हाई. माणूस मरंल."

"तेच करतेय, आबा. दहा मिनिटांपूर्वी तेच कळलंय मला." ती दात चावून बोलत होती. "दोनशे ठिकाणी क्रम उलटा करायचाय. तुम्ही चहा घ्या."

चहा झाला. संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला दगड जागेवर आले. दाराची चौकट आली. डावी भिंत आली, उजवी आली. सात थर, एकावर एक. माझ्या वहीतून ते उभं राहिलेलं बघून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग हर्षदाने देऊळ फिरवून मागची बाजू समोर आणली.

मागची भिंत म्हणजे दगडांचा नुसता काला होता. दोन्ही कोपऱ्यांत दगड बाजूच्या भिंतींच्या दगडांत घुसलेले. मधे भोकं, एवढी की हात जाईल. तिरके घडवलेले दगड भलत्याच बाजूला तिरके. चार भिंतींतल्या तीन चोख आणि ही एक अशी.

"लायब्ररी?" मी विचारलं.

"लायब्ररीच असणार." पण तिच्या बोलण्यात सकाळचा जोर नव्हता.

शनिवार त्यातच गेला. मला ती म्हणाली की काही लायब्रऱ्या उजव्या हाताच्या असतात, काही डाव्या हाताच्या. मला वाटलं, आता ही मला खुळ्यात काढतेय. पण खरंच तसं असतं म्हणे. उजव्या हाताचा अंगठा, पहिलं बोट आणि मधलं बोट तीन दिशांना धरलं की एक मांडणी होते, डाव्या हाताने धरलं की दुसरी, आरशातल्यासारखी. तिने डाव्या हाताची करून पाहिली. मागच्या भिंतीची भोकं भरल्यासारखी वाटली, पण तिरके दगड बसेनात, आणि इकडे बाकीच्या तिन्ही भिंती बिघडल्या. पुन्हा उजव्या हाताची केली. तीन सुधारल्या, मागची बिघडली. दिवसभर ओसरीवर हीच उलटापालट. माझी सून रंजना भाकऱ्या थापता थापता म्हणाली, "एक भिंत मोकळीच ठेवा की. वारा यील देवीला."

मला मात्र हसू येत नव्हतं. "ज्यांनी ही लायब्ररी लिहिली त्यांनी चार भिंतींचं घर तरी बघितलंय का?" मी म्हणालो. "तीन बरोबर येतात आणि एकच कशी चुकती? गवंड्यानं असं काम केलं असतं तर त्याला हाकलला असता."

हर्षदाने संगणक मिटला. "आबा, मी आज काय केलं माहितीय? देवळाऐवजी एक खोकं घेतलं. चार बाजू, एकसारख्या. लायब्ररीतून काढलं. चारही बाजू बरोबर बसल्या. मग एकेक दगड कागदावर हाताने गुणून बघितला. लायब्ररी जे उत्तर देते तेच कागदावर येतं."

"मग?"

"मग लायब्ररी बरोबर आहे."

 लायब्ररी बरोबर आणि तिचं गणित बरोबर, तर मागे उरतं काय, हे कळायला मला शाळा लागत नव्हती. मी उठलो, कोनाड्यातून वही काढली आणि तिच्या पुढ्यात टाकली. "दाखव. कुटं चुकलंय दाखव."

"आबा, मी तसं म्हणाले का?"

"तू न्हाई म्हणालीस. ते खोकं म्हणालं."

त्या रात्री वही तिच्या पुढ्यातच पडून राहिली.

रविवारी सकाळी नसीर मोटरसायकलवरून आला. सोमवारी सभेत काय बोलायचं ते त्याला ठरवायचं होतं. हर्षदाने त्याला मागची भिंत दाखवली. त्याने ती मोठ्या करमणुकीने पाहिली, मग म्हणाला, "चित्र ऱ्हाऊ द्या. त्या भिंतीचा खरा दगड बघू चला."

सीतारामच्या वावरात मागच्या भिंतीची ओळ सगळ्यात शेवटी होती. नसीरने पहार घातली आणि एक दगड उलथा केला. चार महिन्यांनी त्याचं तोंड उघडं झालं. माझा आकडा होता, एकशे त्रेसष्ट, ठळक. नसीरने आकड्याच्या कडेने बोट फिरवलं आणि बोट आम्हाला दाखवलं. काळं झालं होतं.

"काजळी हाये," तो म्हणाला. "आकडा काजळीवर लिवलाय. आबा, तुमच्या देवीचा दिवा देवळाच्या भाईर जळायचा का?"

"बाजूच्या भिंतीचा दगड बघ आधी."

त्याने तोही उलथला. त्याच्या आकड्याखाली वाळलेलं शेवाळ होतं, पावसाची बाजू. तिसरा बघितला, शेवाळ. पुन्हा मागच्या भिंतीचा, काजळी.

"आकडा तुमी उबं ऱ्हाता त्या बाजूला घालनार," नसीर म्हणाला. "म्हंजी ह्या भिंतीला तुमी आत व्हता."

मला राग आला. चाळीस वर्षांत कुठलीही भिंत मी बाहेरूनच मोजली आहे. बाहेरच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरुवात, उजवीकडे जायचं. हे मी याह्याला शिकवलं, याह्याने ह्याला शिकवलं, आणि हा मला सांगतोय. "चला," मी म्हणालो, "मी कसं मोजलं ते जागेवर दाखवतो."

देवळाचं जुनं जोतं अजून तिथंच आहे. रस्ता अजून तिथवर पोहोचला नाही. मी समोर उभा राहिलो, डावा हात कोपऱ्यावर धरल्यासारखा केला आणि उजवीकडे चालत गेलो. "अशी पुढची." मग वळलो. "अशी बाजूची." बाहेरून, कोपऱ्यापर्यंत. दुसऱ्या बाजूचीही तशीच दाखवली. दोघं माझ्या मागोमाग. मग मी मागच्या भिंतीकडे निघालो.

"अशी मागची," मी म्हणालो आणि डावा हात कोपऱ्यावर धरला.

 मी वळून पाहिलं. हर्षदा जोत्याच्या बाहेर उभी होती आणि माझ्या पायांकडे बघत होती.

"आबा, तुम्ही आत आलाय," ती म्हणाली.

मी जोत्याच्या आत उभा होतो. दाराच्या जागेतून आत आलो होतो, वाकूनसुद्धा, जणू वरची चौकट अजून होतीच. आणि समोर, जिथे मी उभं राहायला हवं होतं तिथे, कमरेएवढं वारूळ होतं. त्याच्यावर हळदकुंकू वाळून बसलेलं. आमच्या वाडीत वाघजाईच्या मागे कुणी पाय ठेवत नाही. बाया नागपंचमीला येतात त्यासुद्धा बाजूने हात लांब करून वाहतात. मी तिथे जाणारच नव्हतो, त्या दिवशीही आणि आजही. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी विचार केला नव्हता आणि म्हणून वहीत लिहिलंही नव्हतं.

हर्षदा जोत्यावर बसली आणि बरोबर आणलेला संगणक मांडीवर उघडला. "डावं-उजवं उलटं करून म्हणूनच बसत नव्हतं," ती स्वतःशीच बोलली. "भिंत आरशातली नाहीच. अख्खी भिंत अर्धा फेरा फिरलीय. तुम्ही फिरलात म्हणून." तिने आकड्यांची एक चौकट लिहिली, बाकी कशाला हात लावला नाही. भिंत पडद्यावर दारासारखी अर्धी फिरली आणि मागे जाऊन बसली. कोपरे मिटले. भोकं गेली. तिरका दगड तिरक्या दगडाला लागला.

नसीर म्हणाला, "ह्ये हाये खरं."  तीन दिवस मी लायब्ररी लिहिणाऱ्या परदेशातल्या कुणा माणसांना शिव्या घालत होतो आणि ती माणसं बरोबर होती.

घरी येताना हर्षदा म्हणाली, "आबा, उद्या सभेत मागच्या भिंतीचं काढायलाच नको. आणि विचारलंच कुणी, तर मी सांगते, सॉफ्टवेअरमध्ये प्रॉब्लेम होता. कुणाला काय कळतंय."

"कैलासला कळंल?"

"त्याला तर अजिबात नाही कळणार."

मी रात्रभर काही ठरवलं नाही.

सोमवारी शाळेच्या खोलीत सभा भरली. हर्षदाने शाळेच्या टीव्हीला संगणक जोडला आणि देऊळ उभं केलं. लोक पुढे सरकले. कैलास मात्र भिंतीला टेकून उभा होता. "मागनं दाखव," तो म्हणाला. "शनिवारी मागची भिंत पडल्याली व्हती म्हणं." वाडीत काही लपत नाही, आणि रंजनाने ते नळावर सांगितलं असणार.

हर्षदाने देऊळ फिरवलं. मागची भिंत बरोबर होती.

"मंग शनिवारी काय झालतं?"

हर्षदा तोंड उघडणार, तेवढ्यात मी उठलो. उठताना गुडघा वाजला तो सगळ्यांनी ऐकला. "चूक माझी व्हती," मी म्हणालो. "तीन भिंती म्या भाईरनं मोजल्या, मागची आतनं मोजली. वहीत तसं लिवलं न्हाई. पोरीचं यंत्र तीन दिस खरं बोलत व्हतं, म्याच त्याला खोटं पाडत व्हतो."

कैलास भिंतीपासून सुटला. "बगा. म्या तवाच म्हनलं व्हतं, शिकल्याल्या माणसाला लिवू द्या. आता ह्या वहीत आनखी काय काय आतनं लिवलंय, कुणाला ठावं? ह्या वहीच्या जिवावर देवीचं देऊळ बांदायचं?"

खोलीत कुजबुज झाली. मी उभाच होतो. बसायचं की नाही ते कळेना.

मागून अंबूबाई म्हणाली, "पन मागची आतनं का मोजली, शिदू?" अंबूबाई माझ्याहून मोठी आहे, मला नावानेच हाक मारते. वाघजाईला रोज सकाळी पाणी तीच घालत आलीय.

"मागं वारूळ न्हाई का."

"मंग?" अंबूबाई कैलासकडे वळली. "त्यो वारुळावर उबा ऱ्हानार व्हता का, मुडद्या? तू ऱ्हायला असतास?"

कैलास टीव्हीकडे बघायला लागला.

"बोल की. शिकल्याला मानूस ऱ्हायला असता, व्हय. त्यानं भाईरनं बराबर मोजलं असतं, देवीच्या मागं चपला घालून." ती आजूबाजूच्या बायांना म्हणाली, "लय हुशार झाल्यात."

बाया हसल्या, मग पुरुष हसले. कैलास म्हणाला की त्याचं म्हणणं एवढंच की खात्री पाहिजे. त्यावर नसीर उठला आणि म्हणाला, खात्री हवी तर कुठलाही आकडा सांग. कैलासने एकशे सत्त्याऐंशी म्हटलं. हर्षदाने भिंतीतून तो दगड बाहेर काढून दाखवला, वरची बाजू तिरकी, डावं टोक निमुळतं. नसीर चौघांना घेऊन वावरात गेला आणि तो दगड उलथा करून मोजला. परत आल्यावर त्या चौघांत जो कैलासचा चुलतभाऊ होता तोच म्हणाला, "जुळतंय." हात वर झाले. गुलाबी टाइल बारगळली.

मंगळवारी ट्रॅक्टर आला तो दगड वरच्या जागेवर न्यायला आला. तोही कैलासचाच. हर्षदा कामावर परत गेली. जाण्याआधी तिने माझ्या वहीच्या प्रत्येक पानावर वरच्या बाजूला एक रकाना आखला आणि त्यावर लिहिलं, 'आबा कुठे उभे होते'. मी म्हणालो, ही काय थट्टा आहे. ती म्हणाली, "थट्टा नाही. प्रत्येक लायब्ररीच्या पहिल्या पानावर हे लिहिलेलं असतं. मीच वाचलं नव्हतं." मग लिहायला नको होतं का मोठ्या अक्षरात, असं मी म्हणालो, तर हसायला लागली.

नसीरने नव्या जोत्यावर पहिला थर लावायला घेतला. इथे मागे वारूळ नाही, मोकळी जागा आहे, बैलगाडी फिरेल एवढी. मागच्या भिंतीचे पहिले दोन दगड बसले. तिसरा बसवताना तो ओणवा होता. तसाच मान वर करून म्हणाला, "आबा, तुमी भाईर या बरं. न्हाईतर तुमाला भिंतीतच घेतो."

मी खाली पाहिलं. मग दाराच्या जागेतून बाहेर पडलो आणि लांबून वळसा घालून मागे जाऊन उभा राहिलो.